नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने, पोर्तुगालपासून पवित्र भूमीपर्यंत, जिथे डोंगर खडकाळ आहेत आणि उन्हाळाभर पावसाचा थेंब पडत नाही, तिथे एक रानटी झुडूप उगवते. उंची कमरेएवढी, फार तर माणसाएवढी. त्याला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. वसंतात ते फुलांनी भरून जाते. फुलाला पाच पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या केसरांचा दाट झुबका. पाकळ्या मात्र चुरगळलेल्या असतात, पेटीत वर्षभर दाबून ठेवलेले रेशमी लुगडे नुकतेच उलगडावे तशा. फूल सकाळी उमलते आणि दिवस कलायच्या आत पाकळ्या गळून पडतात. दुसऱ्या दिवशी त्याच झुडपावर नवी फुले.

वनस्पतिशास्त्रज्ञ या प्रजातीला 'सिस्टस' म्हणतात. क्रीट बेटापासून इस्राएलच्या डोंगरांपर्यंत जी गुलाबी फुलांची जात दिसते तिचे पूर्ण नाव 'सिस्टस क्रेटिकस', म्हणजे क्रीटचा सिस्टस. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये मोठ्या पांढऱ्या फुलांची दुसरी एक जात आहे, तिचे नाव 'सिस्टस लाडानिफर'. आपल्या वसईच्या वाड्यांत यातले एकही झाड नाही. मग रविवारच्या पत्रकात त्याला जागा का द्यावी, असे कुणी विचारील. एक कारण असे की हे झुडूप बायबलमध्ये आहे आणि आपल्याला ते तिथे सहसा दिसत नाही, कारण वाटेत त्याचे नाव हरवले. दुसरे कारण पुढे येईलच.

या झुडपाच्या पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर एक चिकट, सुवासिक राळ सुटते. ऊन जितके कडक तितकी ती अधिक पाझरते. या राळेला 'लाडानम' म्हणतात. ती गोळा करण्याची जुनी पद्धत मोठी गमतीची आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हेरोडोटस नवल करतो की इतकी सुगंधी वस्तू निघते कुठून, तर बोकडाच्या दुर्गंधी दाढीतून! शेळ्या-बोकड झुडपांत शिरून पाला खातात, राळ त्यांच्या केसांना चिकटते आणि धनगर ती विंचरून काढतात. पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस याने हीच हकिकत दिली आहे आणि झुडपांवरून दोऱ्या ओढून राळ काढण्याची रीतही सांगितली आहे. पुढे इ. स. १७०० मध्ये फ्रान्सच्या राजाने पाठवलेला वनस्पतिशास्त्रज्ञ टूर्नफोर्ट क्रीटला गेला. त्याने पाहिले ते असे : भर दुपारी, वारा पडलेला असताना, माणसे लांब दांड्याला चामड्याच्या पट्ट्यांच्या रांगा लावलेले चाबकासारखे अवजार घेऊन झुडपांना झोडपत होती. पट्ट्यांवर राळेचा थर जमला की तो सुरीने खरवडायचा. क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सिसेस या गावात हे काम आजही चालते, आणि तेही उन्हाळ्याच्या ऐन उन्हात, कारण थंड वेळी राळ निघत नाही. धुपात आणि अत्तरात ती वापरतात. अत्तरवाले ज्या गंधाला 'अंबर' म्हणतात त्यात बहुतेक वेळा समुद्रातला अंबर नसून हीच राळ असते. म्हणजे बाजारातही बिचारीला दुसऱ्याचे नाव घेऊनच वावरावे लागते.

आता बायबलकडे वळू. उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायात योसेफाचे भाऊ त्याला विहिरीत टाकून जेवायला बसतात. इतक्यात गिलादकडून इश्माएली व्यापाऱ्यांचा तांडा येताना दिसतो. उंटांवर मिसर देशात न्यायचा सुगंधी माल आहे. भाऊ विचार बदलतात आणि वीस रुप्यांना योसेफाला विकून टाकतात. त्या मालात तीन वस्तू आहेत, आणि तिसरीला मूळ हिब्रू भाषेत 'लोट' म्हटले आहे. ख्रिस्तपूर्व काळात अलेक्झांड्रियाच्या ज्यू पंडितांनी ग्रीक भाषांतर केले तेव्हा त्यांनी 'लोट'साठी गंधरसाच्या एका प्रकाराचे नाव वापरले. संत जेरोम यांनी लॅटिनमध्ये तोच शब्द घेतला. तिथून पुष्कळ भाषांतरांतून 'गंधरस' हाच अर्थ चालत आला.

पण खरा गंधरस, ज्याला आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात हिराबोळ म्हणतात, तो दक्षिण अरबस्तानात आणि आफ्रिकेच्या शिंगाकडच्या प्रदेशात होतो. गिलादमध्ये तो उगवत नाही. कुणी म्हणेल, व्यापारीच ते, दुरून आणला असेल. ते शक्य आहे. मात्र हाच शब्द ४३ व्या अध्यायात पुन्हा येतो. दुष्काळ पडला आहे, मिसरचा अधिकारी धान्य देईना झाला आहे, आणि म्हातारा याकोब मुलांना सांगतो की त्या माणसासाठी आपल्या भूमीत पिकणाऱ्या उत्तमातल्या उत्तम वस्तू भेट म्हणून घेऊन जा. त्या यादीत मध आहे, बदाम आहेत, आणि 'लोट' आहे. आपल्या भूमीतली वस्तू, म्हणजे कनानची. कनानच्या डोंगरांवर सुगंधी राळ देणारे जे झुडूप आहे ते सिस्टस. शेजारच्या भाषांचीही साक्ष मिळते : बाबिलोनकडच्या जुन्या लेखांत 'लादुनु', अरबीत 'लादन', ग्रीकमध्ये 'लादानोन'. म्हणून आज पुष्कळ अभ्यासक 'लोट' म्हणजे लाडानमच असे मानतात, आणि मलाही ते पटते.

आता प्रश्न असा की, त्याने काय बिघडले? गंधरस म्हणा नाहीतर लाडानम, आपले तारण काही त्यावर अवलंबून नाही. खरे आहे. तरीही ही दोन ठिकाणे शेजारी शेजारी ठेवून पाहा. ज्या मालाबरोबर योसेफ गुलाम म्हणून मिसरला गेला, तोच माल वीस-बावीस वर्षांनी त्याचा बाप त्याला भेट म्हणून पाठवतो, आणि तो कुणाला पाठवत आहे हे बापाला ठाऊक नाही. त्याच्या लेखी तो मुलगा केव्हाच मेला आहे. त्या गाठोड्याचा वास योसेफाच्या नाकात शिरला असेल तेव्हा त्याला काय काय आठवले असेल! शास्त्र त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. ते फक्त तोच शब्द दोनदा वापरते आणि बाकीचे आपल्यावर सोपवते. एखाद्या भाषांतरकाराने पहिल्या ठिकाणी एक शब्द आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा घातला, तर धागा तुटला. 'गंधरस' म्हणून तेवढे नुकसान होत नाही, पण तीन राजांच्या गंधरसाशी उगाच घोटाळा होतो आणि डोंगरावरचे खरे झुडूप नजरेआड जाते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्लेटोचा 'क्रॅटिलस' नावाचा संवाद आम्हाला होता. त्यात दोघांचा वाद आहे. एक म्हणतो, प्रत्येक वस्तूला तिचे स्वभावतःच योग्य असे नाव असते. दुसरा म्हणतो, छे, नाव म्हणजे चार माणसांनी ठरवलेली खूण, उद्या दुसरी ठरवा. सॉक्रेटिस दोघांनाही पुष्कळ फिरवतो आणि शेवटी म्हणतो की नावांवरून वस्तू जाणण्यापेक्षा वस्तूंकडूनच वस्तू जाणाव्यात हे बरे. त्या वयात मला हे उत्तर म्हणजे पळवाट वाटत असे. आता तसे वाटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी विश्वासांगीकारावरील प्रवचनांत म्हटले आहे की एका माशीचे स्वरूपसुद्धा कोणा तत्त्वज्ञाला पुरतेपणी उलगडता आलेले नाही. आणि एका तत्त्वज्ञाने मधमाशीचा स्वभाव जाणण्यासाठी तीस वर्षे एकांतात काढली असेही ते सांगतात. माशीचे नाव तर प्रत्येकाला येते. नाव येणे आणि ओळख असणे यांत केवढे अंतर आहे ते यावरून समजावे.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी या वादावर आपल्यापुरता एक व्यवहारी तोडगा काढला आहे, तो मला फार आवडतो. स्वीडनच्या कार्ल लिनियस यांच्या आधी एकेका रोपट्याचे लॅटिन नाव म्हणजे एक ओळभर वर्णन असे. १७५३ साली लिनियस यांच्या ग्रंथातून दोन शब्दांची पद्धत रूढ झाली : पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आज प्रत्येक जातीच्या नावामागे नमुना म्हणून साधारणपणे एक वाळवलेली फांदी असते. कागदावर चिकटवलेली, तारीख-ठिकाण लिहिलेली, कुठल्यातरी संग्रहालयाच्या कपाटात जपलेली. लिनियस यांचा स्वतःचा असा संग्रह लंडनमध्ये आहे. नाव काटेकोरपणे त्या फांदीचे. बाकी साऱ्या डोंगरावरची झाडे त्या फांदीशी ताडून पाहायची आणि मग म्हणायचे, होय, हीसुद्धा तीच. म्हणजे नाव ही जादू नव्हे आणि नुसती चिठ्ठीही नव्हे. ते एक वचन आहे : हा शब्द मी उच्चारीन तेव्हा मी याच वस्तूकडे बोट दाखवीन, दुसरीकडे नाही.

वचन मोडले तर काय होते याचे उदाहरण सिस्टसमध्येच आहे. 'सिस्टस इनकानस' या नावाचा काढा युरोपात चहासारखा विकला जातो. कित्येक वर्षे पुस्तकांतही क्रीटच्या गुलाबी सिस्टसला हेच नाव लावत आले. लिनियस यांनी मात्र 'इनकानस' हे नाव ज्याला दिले ते पश्चिमेकडचे निराळे झुडूप, दोन वेगळ्या जातींचा संकर, असे तपासात दिसून आले. मग वनस्पतिशास्त्रज्ञांनी पूर्वेकडच्या झुडपाला 'क्रेटिकस' हे त्याचे नाव परत दिले. पाकिटावर अजूनही जुनेच छापतात. झुडपाला अर्थातच याचे काही नाही. फसगत झाली तर घेणाऱ्याची होते, शिकणाऱ्याची होते. वनस्पतीला चुकीचे नाव दिले तर अन्याय माणसावर होतो, वनस्पतीवर नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा.

स्पेनमधल्या जातीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्या पांढऱ्या पाकळ्यांच्या मुळाशी गडद तांबूस डाग असतो. पाच पाकळ्या, पाच डाग. तिथल्या खेड्यातल्या भाविकांना त्यांत प्रभू येशूच्या पाच जखमा दिसल्या. लॅटिन नाव 'लाडानिफर' म्हणजे लाडान वाहून नेणारा. शास्त्राने नाव दिले ते उपयोगावरून, भाविकांनी दिले ते प्रेमावरून. यांतले खरे कुठले? याच जातीची काही झुडपे अशीही असतात की ज्यांच्या पाकळ्या निखळ पांढऱ्या, एकही डाग नाही. तिथे पाच जखमांची खूण लागू पडत नाही. म्हणून शास्त्रज्ञाला 'लाडानिफर' लागते. पण गुड फ्रायडेच्या आसपास डोंगर उतरताना ते फूल पाहून गुरुवारच्या रात्रीची आठवण होणारी म्हातारी खोटे बोलते असे मी म्हणणार नाही. ती वर्गीकरण करत नाही. तिने फुलाला हाक मारली आहे.

आपल्या दाराशीही एक उदाहरण आहे. पहाटे खुडून दादरच्या बाजारात जाणारा आपला सोनचाफा. लिनियस यांना ग्रीक-लॅटिन सोडून इतर भाषांतली नावे रानटी वाटत, प्रजातीला ती देऊ नयेत असा त्यांचा नियम. म्हणून त्यांनी प्रजातीचे नाव फ्लॉरेन्सच्या मिचेली या वनस्पतिशास्त्रज्ञावरून ठेवले. पण दुसऱ्या शब्दाच्या जागी 'चंपाका' राहू दिले. पुढे मिचेलींचे नाव गेले आणि त्या जागी फ्रान्सच्या मान्योल यांच्यावरून पडलेले 'मॅग्नोलिया' आले. आज सोनचाफा म्हणजे 'मॅग्नोलिया चंपाका'. दोन परदेशी पंडित आले-गेले, चाफा आपल्या जागी आहे.

इथपर्यंत सगळे गोड आहे. आता दुसरे कारण. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचा फरक आहे. बाळाचे आपण नाव ठेवतो, सुनेला आपण नावे ठेवतो. भाषेने हे दोन शब्द इतके जवळ का ठेवले असावेत?

नावे ठेवण्यातून हे झुडूपही सुटलेले नाही. सिस्टस ऊन वाढले की स्वतःला पेटवून घेते आणि शेजारच्या झाडांना जाळून टाकते, अशी एक कथा मोबाइलवर फिरत असते. स्वार्थी, सूडबुद्धीचे झाड! तसा पुरावा नाही. राळेमुळे ते चटकन जळते हे खरे, आणि जमिनीत पडून राहिलेले त्याचे कठीण बी आगीच्या धगीनंतर भराभर रुजते हेही खरे. पण काडी माणसाची असते किंवा विजेची. असो, झाड अब्रुनुकसानीचा दावा लावत नाही.

माणसाचे तसे नाही. ज्या लिनियस यांनी एवढ्या प्रेमाने फुले मोजली, केसर मोजले, त्यांनीच १७५८ साली आपल्या 'सिस्टेमा नातुरे' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत माणसांचेही चार प्रकार पाडले, खंडांप्रमाणे आणि कातडीच्या रंगाप्रमाणे. तेवढ्यावर न थांबता प्रत्येक प्रकाराला स्वभावही चिकटवला. युरोपीय माणूस कल्पक आणि रीतीभातीने वागणारा. आफ्रिकी आळशी आणि लहरीवर चालणारा. आपण आशियाई लोक पिवळट, खिन्न, ताठर, लोभी. पानाचा आकार लिहावा तितक्या निर्विकारपणे त्यांनी हे लिहिले आहे. लेखणी तीच होती. हेतू वाईट होता असेही म्हणवत नाही. मग चुकले कुठे?

काही लोक म्हणतील, माहिती कमी होती, पुढे विज्ञान सुधारले. मला वाटते चूक माहितीच्या आधीची आहे. झाडाचे नाव हा बोलणाऱ्या माणसांमधला करार असतो आणि झाड त्यात पक्षकार नसते. माणसाला नाव देताना एक पक्षकार वाढतो, तो म्हणजे ज्याला नाव दिले तो स्वतः. त्याला ते नाव ऐकू येते. ते ऐकून त्याचा चेहरा फुलतो किंवा पडतो. त्याला न विचारता, तो कसा आहे हे ठरवणारे नाव त्याच्यावर लादले, तर तो करार होत नाही, ती जप्ती होते. मराठीत वनस्पतीच्या प्रकारालाही आपण 'जात' म्हणतो आणि माणसाच्याही. त्या दुसऱ्या शब्दाने या देशात किती पिढ्यांना विहिरीवरून परत पाठवले, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच सुचतो. मग स्नानसंस्काराचे काय? तान्ह्या बाळाला आपण कुठे विचारतो? आईबाप नाव सांगतात, मी पाणी ओततो, आणि बाळ रडते, म्हणजे संमती तर नक्कीच देत नाही! पण पाहा, ते नाव बाळाबद्दल काहीच सांगत नाही. ते हुशार की मठ्ठ, गोरे की काळे, कुठल्या गावचे, कशाच्या लायकीचे, यातले काही नाही. त्या नावाने फक्त त्याला हाक मारता येते. 'सिस्टस' हे नाव एका प्रकाराचे आहे, त्या प्रकारातले एक झुडूप दुसऱ्यासारखेच असे धरून ते दिलेले आहे. स्नानसंस्काराचे नाव एकट्याचे आहे. त्याने पुढे ओ द्यायची आहे, आणि कोण व्हायचे ते व्हायचे आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव प्राण्यांना आदामापुढे आणतो आणि हा त्यांना काय नावे देतो ते पाहतो. प्राण्यांची नावे ठेवून संपली तरी आदाम एकटाच राहतो, हे तिथे मुद्दाम सांगितले आहे. ज्यांना तो नावे देतो त्यांच्याकडून त्याला उत्तर मिळत नाही.

योसेफाचेच घ्या. मिसरमध्ये फारोने त्याला मिसरी नाव दिले, सन्मान म्हणून दिले, अंगठी आणि गळ्यात सोन्याची साखळी घालून. तरीही ते मालकाने दिलेले नाव. त्या नावाच्या, त्या वेषाच्या आड तो इतका झाकला गेला की सख्ख्या भावांनी समोर उभे राहून त्याला ओळखले नाही. ४५ व्या अध्यायात तो सगळ्या सेवकांना बाहेर घालवतो आणि मोठ्याने रडत आपले जुने नाव भावांना सांगतो. विश्वास, क्षमा, समेट, सगळे त्यानंतर सुरू होते. आधी तो कोण हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता आले पाहिजे.

आपल्या गावांत टोपणनावांची हौस दांडगी. त्यातली कित्येक निव्वळ मायेची असतात आणि ती गेली तर गाव बेचव होईल. पण लंगड्याला लंगडा, तोतऱ्याला तोतरा, नवऱ्याने टाकलेलीला टाकलेली, चाळीत भाड्याने राहायला आलेल्याला 'बाहेरचा' किंवा 'भय्या', ही नावे नव्हेत. हे नमुन्याच्या कागदावर माणूस चिकटवणे आहे. तुम्ही म्हणाल, फादर, खरे ते बोलायचे नाही का? डॉक्टरला मधुमेह्याला मधुमेही म्हणावेच लागते, आणि दारुड्याला दारुडा म्हटले नाही तर तो सुधारणार कसा? यात तथ्य आहे, म्हणून त्याचे उत्तर टाळता येत नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेत माणूस उभा राहतो, आपले पहिले नाव सांगतो आणि मी मद्यपी आहे असे स्वतः म्हणतो. शब्द तोच. नाक्यावर दुसऱ्याच्या तोंडून आला तेव्हा तो दगड होता, इथे त्याच शब्दाने त्याचे पाऊल पुढे पडते. फरक दोन गोष्टींचा आहे. तो शब्द त्याने स्वतः उच्चारला, आणि त्याच्या आधी त्याने स्वतःचे नाव सांगितले. डॉक्टरचेही तसेच. कागदावर आजाराचे नाव लिहावे, पण खाटेजवळ आल्यावर 'बारा नंबर' म्हणून हाक मारू नये.

हा विषय नुसता आपल्या नाक्यावरचा नाही, वनस्पतिशास्त्रज्ञांच्या दारातही तो येऊन उभा राहिला. आपल्या पांगाऱ्याचे एक भावंड दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर असते, तशीच लालकेशरी फुले येणारे. त्याचे लॅटिन नाव 'एरिथ्रिना काफ्रा'. हा दुसरा शब्द अरबी 'काफिर'वरून आलेला. जुन्या लेखकांनी तो त्या प्रदेशासाठी सहज वापरला, पण दक्षिण आफ्रिकेत तो काळ्या माणसाला हिणवण्याची शिवी झाला, वर्णद्वेषाच्या काळात तर गोऱ्यांच्या तोंडी रोजची. दोनशेहून अधिक जातींच्या नावांत तो होता. झाडांना त्याचे काही नव्हते. पण ते नाव ज्यांना वर्गात फळ्यावर लिहावे लागे, त्यात काळी मुलेही होती. नेल्सन मंडेला विद्यापीठातले गिडिअन स्मिथ आणि एस्ट्रेला फिगुएरेडो या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही सर्व नावे बदलावीत असा प्रस्ताव मांडला.

विरोध करणारे सगळे वंशद्वेषी होते असे समजू नका. त्यांचे म्हणणे वजनदार आहे. नाव स्थिर राहिले पाहिजे, तेच तर त्या वचनाचे मर्म. आज एक शब्द दुखावतो म्हणून बदलला, उद्या दुसरा, तर पुस्तके, संग्रहालये, औषधांच्या याद्या, कशाचा मेळ कशाला राहील? ऑस्ट्रेलियात पिवळ्या फुलांची 'हिबर्टिया' नावाची मोठी प्रजाती आहे. ज्याच्यावरून तिचे नाव पडले तो जॉर्ज हिबर्ट लंडनचा व्यापारी, गुलामांच्या श्रमावर श्रीमंत झालेला आणि गुलामगिरी बंद होऊ नये म्हणून झटलेला. त्याचे नाव पुसायचे का? ज्यांची ज्यांची नावे झाडांना आहेत त्या सगळ्यांचे चारित्र्य तपासायला बसलो तर पुष्कळशी झाडे बिननावाची होतील. हा युक्तिवाद मला निम्मा पटतो. हिबर्ट मेला, त्याचे नाव ऐकून आज कुणाचे डोळे खाली जात असतील असे नाही. 'काफ्रा'चे तसे नव्हते. ते एका मेलेल्या माणसाचे नाव नव्हते, जिवंत माणसांना मारलेली हाक होती.

जुलै २०२४ मध्ये माद्रिद येथे जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी मतदान केले. प्रस्तावाच्या बाजूने ३५१ मते पडली, विरुद्ध २०५. 'हिबर्टिया' आहे तशीच आहे. दुसरीकडे 'काफ्रा' या शब्दाचे पहिले अक्षर तेवढे गाळायचे ठरले, म्हणजे उरतो तो 'आफ्रा', आफ्रिकेचा. नमुन्याची फांदी तीच, कपाट तेच. पांगाऱ्याच्या त्या भावंडाला आता शास्त्रात 'एरिथ्रिना आफ्रा' म्हणायचे.

तुमचा,
धर्मगुरू